क्लब कार डीएसमध्ये एटीव्हीचं इंजिन: कोणतं घ्यावं, बसवावं कसं?

रानवाट
मंडळी, सल्ला हवाय. गाडी 1995ची क्लब कार डीएस, पेट्रोलवाली गोल्फ कार्ट. तिच्यात एटीव्हीचं (रानात चालणाऱ्या चारचाकी बाइकचं) इंजिन बसवायचंय. मूळ इंजिन कावासाकी एफई290, त्याचा कनेक्टिंग रॉड तुटून केसला भोक पडलंय, त्यामुळे दुरुस्तीत अर्थ नाही. मागचा एक्सल, ब्रेक, चासी ठणठणीत. वापर अमेरिकेतल्या जॉर्जियात, चढउताराच्या पाच एकर रानात: सरपण, माती, मागे छोटा ट्रेलर. वेग नको, ओढ हवी. एटीव्हीची दोन जुनी इंजिनं स्वस्तात मिळतायत, होंडा टीआरएक्स300चं आणि पोलारिस स्पोर्ट्समन 500चं. घरी मिग वेल्डर, ग्राइंडर आणि हॉइस्ट आहे, लेथ नाही. कोणतं घेऊ? आणि कुठे फसायला होतं?

तेलकट_बाही
होंडा सोडा. इंजिन दणकट आहे, पण त्याचा गियरबॉक्स त्याच केसमध्ये आहे. क्रँक गाडीच्या लांबीत बसतो आणि ताकद शाफ्टने मागे जाते. ती गोल्फ कार्टच्या एक्सलला जोडली की रिडक्शन (गियरने फेरे कमी करणं) दोनदा होतं. हिशोब करून बघा. समजा टॉप गियरला होंडाचं एकूण रिडक्शन 3 आणि कार्टच्या एक्सलचं 11.5 धरलं. 6000 आरपीएमला एक्सलच्या तोंडाशी 2000, चाकाला 174. टायर 18 इंची, घेर 1.44 मीटर, म्हणजे टॉपला तासाला 15 किमी. पहिल्या गियरला माणूस चालत पुढे जाईल.

होंडाचाच मागचा एक्सल घ्यावा म्हटलं तर त्याला डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं एकत्र फिरतात. चिखलात छान, पण डांबरावर वळताना टायर घासत जाणार.

पोलारिसचं जमण्यासारखं आहे, कारण क्रँकच्या टोकावर थेट सीव्हीटीची (गियरऐवजी पट्टा आणि दोन पुल्यांवर चालणाऱ्या यंत्रणेची) पुढची पुली असते आणि गियरबॉक्स वेगळा डबा असतो. तो डबा घ्यायचाच नाही. कार्टमध्येही नेमकी हीच रचना आहे: क्रँकवर एक पुली, एक्सलवर दुसरी, मध्ये पट्टा.

दोन_सूत
वरच्या प्रतिसादाला +1. पण इंजिन कोणतं यापेक्षा ते कशावर बसतंय यावर ही कामं तरतात किंवा बुडतात.

मूळ इंजिन चासीवर नसतं. ज्या पाळण्यावर ते बसतं तो एक्सलला जोडलेला असतो आणि एक्सलबरोबर वरखाली होतो. म्हणून खड्ड्यात गाडी कितीही उसळली तरी दोन पुल्यांमधलं अंतर बदलत नाही. लोक नवीन इंजिन चासीला ब्रॅकेट मारून बसवतात, कारण ते सोपं पडतं. मग मागे दोन माणसं बसली की पाटे दबतात, पुल्यांची रेष आणि अंतर दोन्ही हलतं. पट्टा एका बाजूने चमकायला लागतो, मग धागे सुटतात आणि शेवटी तो उलटा होऊन निघतो. नवीन पट्टा आणून हा रोग बरा होत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. जुनं इंजिन उतरवण्याआधीच दोन मापं घ्या: दोन्ही शाफ्टचं मध्य ते मध्य अंतर, आणि सरळ पट्टी लावून दोन पुल्यांच्या आतल्या पाळ्यांतला फरक. मिलिमीटरमध्ये लिहून पाळण्यावरच चिकटवा. जुना पाळणा काढून त्याचा पुठ्ठ्यावर नमुना घ्या. नवीन पाळणा 6 मिमीची प्लेट आणि 2 इंची चौकोनी पाइप (3 मिमी जाडी) यांचा करा. इंजिनाची भोकं गोल न पाडता पुढेमागे 12 मिमी खोबण ठेवा, पट्ट्याचा ताण तिथूनच जमतो. इंजिन आणि एक्सल जागेवर ठेवून, पुल्या लावून, फक्त टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा. पट्टी परत लावा. पूर्ण वेल्डिंग करताना समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून घ्या, नाहीतर प्लेट ओढली जाते आणि सगळी मापं फुकट.

डीएसची चासी ॲल्युमिनियमची आहे, तिला वेल्डिंगचा हात लावू नका. रेडिएटर, बॅटरी वगैरेंचे ब्रॅकेट नट-बोल्टनेच, आणि स्टील-ॲल्युमिनियमच्या मध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती. नाहीतर पावसाळी हवेत दोन वर्षांत भोकाभोवती पांढरी पूड.

लेथचं काम लागणारच. पोलारिसचा क्रँक निमुळता आहे, कार्टची पुली त्यावर बसत नाही. पोलारिसची पुढची आणि कार्टची मागची अशी जोडीही लावू नका, पट्ट्याची रुंदी आणि कोन दोन्ही पुल्यांना एकच लागतो. दोन्ही पोलारिसच्या घ्या आणि मागच्या पुलीचा हब कार्टच्या एक्सल शाफ्टप्रमाणे करून घ्या. लेथवाल्याकडे शाफ्टचा नुसता आकडा नको, जुन्या पुलीचा हबच न्या.

आणि हे सगळं करण्याआधी, अगदी विकत घेण्याआधी: मागची चाकं उचला, गाडी फॉरवर्डमध्ये टाका, चाक पुढे फिरवा, एक्सलचा शाफ्ट कुठल्या दिशेने फिरतो त्यावर बाण काढा. इंजिन त्याच दिशेने फिरतं का, ते स्टार्टर मारून बघा. उलटं असेल तर पुढे जायला रिव्हर्सचे गियर वापरावे लागतील. तसं इंजिन घेऊच नका.

खटारा_प्रेमी
सरळ विचारतो, एटीव्हीच हवं का? हार्बर फ्रेट या अवजारांच्या दुकानाचं प्रिडेटर 420 इंजिन बघा. एअर-कूल्ड, सरळ 1 इंची शाफ्ट, डीएससाठी तयार पाळणे आणि पुल्या मिळतात. रेडिएटर नाही, लेथ नाही. एफई290 साधारण 9 एचपी, हे 13. सरपण ओढायला पुष्कळ.

दोन_सूत
खटारा_प्रेमी यांच्याशी सहमत. हौस नसेल तर तोच रस्ता. हौस असेल तर पुढे वाचा.

रानवाट
हौस आहे! पोलारिस धरून चाललोय. मूळ कार्टचं इंजिन पेडल सोडलं की बंद पडायचं. एटीव्हीचं चालूच राहणार. मग गाडी जागेवरून सरकणार नाही का?

तेलकट_बाही
कार्टची पुली ठेवली असती तर सरकली असती. ती फार कमी आरपीएमला पकडते, कारण तिला आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन हळू चालू राहणं) माहीतच नाही. पोलारिसची पुली आयडलला मोकळी राहते, फक्त पुलीच्या खाचेत पट्टा बाजूंना घासत नाही ना ते बघा. त्यासाठीच ताणाची खोबण. पट्टा ताठ बसला की आयडललाही शाफ्ट फिरत राहतो आणि फॉरवर्ड-रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो. त्या एक्सलमध्ये सिंक्रो (गियर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारा भाग) नसतो, दात दातावर आपटून गोल होतात. आयडल 1200च्या आसपास ठेवा, गाडी पूर्ण थांबवूनच लिव्हर हलवा.

स्टार्टर-जनरेटर आणि पेडलखालचा स्विच काढून टाका. किल्लीवर इग्निशन, वेगळ्या बटणावर स्टार्टर. पोलारिसची पूर्ण वायरिंग, सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि रेग्युलेटर इंजिनाबरोबरच घ्या, नंतर सुटं शोधत बसू नका.

एक्सलवरचा गव्हर्नर (वेगाला मर्यादा घालणारा भाग) मात्र काढू नका. डीएसमध्ये पेडलची केबल आधी गव्हर्नरला जाते, तिथून कार्ब्युरेटरला. तो चाकाचा वेग बघतो, इंजिनाचा नाही. म्हणजे चढावर पूर्ण ताकद आणि सपाटीवर वेगाला लगाम. तुमच्या कामाला याहून चांगलं काही नाही. कार्ब्युरेटरची बटरफ्लाय पूर्ण उघडली की पेडल टेकेल असा स्टॉपर लावा, नाहीतर केबल ताणून तुटते. कार्बवर परतीच्या दोन स्प्रिंगा.

गॅस्केट
ऑइलबद्दल कुणी बोललं नाही. स्पोर्ट्समन 500चं इंजिन ड्राय सम्प आहे, ऑइल बाहेरच्या टाकीत असतं. टाकी आणि तिच्या नळ्या घ्यायला विसरलात तर इंजिनाचा उपयोग नाही. टाकी इंजिनाजवळ, मूळ उंचीलाच. नळ्या सोडून जोडल्या की पंपात हवा राहते. टाकीची व्हेंट नळी टाकीपासून दोनेक इंचांवर चिमट्याने दाबा, इंजिन 10 ते 20 सेकंद आयडलला चालवा, बंद करून चिमटा काढा. हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला की पंपाला ऑइल मिळालं. आवाज नाही आला तर परत करा. त्याआधी रेस मारली तर वरची बेअरिंगं गेली समजा.

खटारा_प्रेमी
रेडिएटर पुढे, नाकाखाली. थंड हवा तिथेच.

गॅस्केट
रानात हळू चालवणाऱ्याला पुढची हवा मिळतच नाही, फॅनच काम करतो. शिवाय पुढे नेलं की जाऊन-येऊन चारेक मीटर नळी आणि मध्ये हवा अडकायच्या जागा. सीटच्या पाठीमागे उभा लावा, कॅप सगळ्यात उंच बिंदूवर येईल असा. चिखलासाठी जाळी. फॅनला थर्मो स्विच आणि शिवाय हाताने चालू करायचा एक बटण. कूलंट 50-50.

दोन_सूत
ब्रेक. डीएसला फक्त मागे ड्रम आहेत, केबलवर चालणारे. वजन वाढलंय आणि ट्रेलर आहे, तर नवे शू, नव्या केबली, आणि उतारावर रिकाम्या ट्रेलरने चाचणी आधी. मागे जाड पाटे घाला.

उद्या गव्हर्नर काढून रस्त्यावर पळवायचा मोह झाला तर: अमेरिकेत 1998च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ताशी 20 मैलांच्या वर आणि 25पर्यंत जाणारी गाडी लो-स्पीड व्हेइकल ठरते. सीटबेल्ट, आरसे, दिवे, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) सगळं लागतं. जॉर्जियातल्या पीचट्री सिटीसारख्या गावात कार्टच्या वाटांवर न्यायची असेल तर गावाचे नियम वेगळे बघा.

रानवाट
सीट बंद होईल का?

गॅस्केट
टॅक मारायच्या आधी मोजा. सिलिंडर हेडपासून सीटच्या तळापर्यंत 2 इंच तरी हवेत, कार्बच्या एअरबॉक्सला त्याहून जास्त. कमी पडलं तर पाळणा खाली नेऊ नका, पुल्यांची रेष बिघडते. सीटखाली दीड इंची चौकट घाला. सायलेन्सर आणि सीटच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन्हीकडे अर्धा इंच मोकळी जागा ठेवून. पेट्रोलची नळी त्या पत्र्याच्या पलीकडून न्या.