बी-३०३ चा शेरू दुपारी काहून भुंकतो

ए-४०१ काका: नमस्कार मंडळी. बी-३०३ वाल्यांना विनंती आहे, रोज दुपारी दोन वाजले की तुमचा कुत्रा भुंकून भुंकून जीव काढून राहिला. बाहेर ४४ चालू आहे, कूलरसमोर जरा डोळा लागतो तेवढ्यात हे. काहीतरी करा बाप्पा.

बी-३०३: काका सॉरी. शेरूच्या मागच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं, हाड कापून प्लेट लावली आहे, आता एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसेपर्यंत, म्हणजे साधारण ८ आठवडे तरी, पळणं उडी पायऱ्या सोफा सगळं बंद. शी-सूला फक्त पट्ट्यावर, पोटाखालून टॉवेल धरून लिफ्टने नेतो. आधी औषधाच्या गुंगीत झोपून असायचा, आता दुखणं कमी झालं आणि साहेबांना फुटाळा तलावावर फिरायला जायचंय 😭

सी-२०१ काकू: अगं बाई बिचारा. काल सावजी मटण केलं होतं, हाडं उरलीत, पाठवू का? चावत बसेल, तेवढंच तोंड बंद.

बी-१०२ ताई: काकू नको नको!! शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, घशात नाहीतर आतड्यात अडकते, आणि रस्सा लागलेला म्हणजे कांदा-लसूण आला, तो कुत्र्याला विषच. माझी मुलगी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला आहे, घरी दिवसभर हेच लेक्चर असते 😄

ए-१०३: भाऊ झोपेची गोळी द्या न अर्धी. माणसाची चालते काय?

बी-१०२ ताई: घरातली कोणतीच गोळी नाही. आयब्रुफेन, पॅरासिटामॉल, काहीच नाही. शांत ठेवायचं औषध असते पण ते डॉक्टरच वजन पाहून देतात, विचारायला हरकत नाही, त्यात कमीपणा नाही.
आणि बी-३०३, तो दुखून भुंकत नाहीये, रिकामा बसून भुंकून राहिला. पाय नाही थकवता येत तर नाक थकवा. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्यांच्यात जातीप्रमाणे ३० कोटीपर्यंत. त्याचं जेवण वाटीत देऊच नको. जुन्या टॉवेलवर दाणे पसर, टॉवेल गुंडाळ, त्याच्या पुढ्यात ठेव, बसल्या जागी उलगडत राहील. अंड्याच्या कागदी ट्रेमध्ये दाणे टाकून वर कागदाचे गोळे ठेव. फक्त ट्रे खायला लागला तर काढून घे. घरभर लपवून शोधायला लावू नको, तो भिंगरीसारखा फिरेल.

बी-३०३: ताई गळ्यात तो मोठा कोन आहे ना, टॉवेलमध्ये तोंडच जात नाही.

बी-१०२ ताई: मग समोर बसून खेळताना काढ, खेळ झाला की लगेच घाल, टाके चाटू देऊ नको. नाहीतर पसरट ताटलीत साधं दही पातळ लावून फ्रीझरमध्ये गोठव. ते चाटण्यात वेळ जातो आणि चाटल्याने कुत्रा शांतही होतो. पीनट बटर वापरलंस तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी टाकतात ते) नाही ना बघ, ते भयंकर विषारी. आणि हे सगळं रोजच्या जेवणातून वजा कर, वजन वाढलं तर त्याच गुडघ्यावर येईल.

ए-१०३: आमचा पोट्टा लेझर लाइट घेऊन येतो म्हणते, भिंतीवर दाखवायला.

बी-१०२ ताई: अजिबात नको, झटक्यात उठेल. दोरीची ओढाओढ पण नको. पोट्ट्याला वेगळं काम दे, खोक्यात वासाच्या वस्तू भरून आणू दे. कडुनिंबाची पानं, बाजाराची रिकामी पिशवी, त्याचा घामट मोजा 😂 फक्त गेटजवळच्या कण्हेरीला हात लावू नको म्हणा, ती विषारी असते.

बी-३०३: आत्ता संत्र्याचं साल दाखवलं, एकदा हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाल्लं ते गुपचूप. मोजा मात्र चालला, नाक खुपसून बसलाय. शिकवायचं काय पण? पंजा दे येते त्याला.

बी-१०२ ताई: पंजा आत्ता नको, पुढचा पाय उचलला की भार मागे जातो. उठबस पण नको. तळहाताला नाक लाव, हनुवटी मांडीवर ठेव, कोणत्या मुठीत दाणा आहे ते ओळख, असलं शिकव. पाच मिनिटं, बस. कंटाळायच्या आत थांबायचं. आणि दोनलाच काहून भुंकतो ते पाहिलं का?

बी-३०३: दोनला स्कूल बस येते, पोट्टे लिफ्टमधून किंचाळत निघतात आणि याला पळू नये म्हणून ठेवतो ते कुंपण दाराजवळच आहे.

बी-१०२ ताई: मग कुंपण आतल्या खोलीत घे, त्या बाजूला चादर लाव, आणि पावणेदोनलाच दह्याची ताटली पुढे कर. भुंकल्यावर दिली तर भुंकलं की दही मिळते हेच शिकेल.

सेक्रेटरी: तिसऱ्या मजल्यावरच्या पालकांनी मुलांना समज द्यावी. पाण्याचा टँकर उद्या सकाळी येईल.

बी-३०३: टाइल्सवर त्याचा पाय घसरतो, कोणाकडे जुनी सतरंजी आहे का?

ए-४०१ काका: आमच्याकडे दोन आहेत, लग्नातल्या, घेऊन जा. दही घरचं आहे, आंबट चालते काय त्याला?

बी-१०२ ताई: चालते काका, साखर नका टाकू फक्त.

ए-४०१ काका: बरं. मी आणून देतो, बेल नाही वाजवत, मिस कॉल देतो.