हॅम रेडिओचा शॅक (घरातला रेडिओचा कोपरा) नव्याने लावायचा आहे: आधी रिग (रेडिओ संच) की आधी अँटेना?

मुलुंडची_लहर
नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. खिडकीजवळ चार फुटी टेबल, त्यावर 100 वॉटची जुनी एचएफ (शॉर्टवेव्ह) रिग, पॉवर सप्लाय, लॅपटॉप आणि वायरींचं जंजाळ. अँटेना म्हणजे 40 मीटर बँडची एंड-फेड (एकाच टोकाला केबल जोडलेली) वायर, खिडकीच्या ग्रिलपासून भिंतीला लागून गच्चीपर्यंत आणि पुढे कठड्याच्या कडेने.

सकाळच्या नेटवर (हॅम मंडळींच्या ठरलेल्या वेळेच्या गप्पांत) पुणे-नाशिक स्वच्छ येतात. संध्याकाळी सात वाजले की एस-मीटरची (सिग्नलची ताकद दाखवणारी) सुई 8 वर जाऊन बसते आणि कोल्हापूरचं स्टेशनही खरखरीत बुडतं. 40,000 रुपये बाजूला काढलेत. वॉटरफॉल (पडद्यावर सिग्नल दाखवणारी सोय) आणि नॉइज रिडक्शनवाली नवी रिग घ्यावी असं फार मनात आहे. मुलगा दहावीला, त्याच खोलीत अभ्यासाला बसतो, म्हणून टेबलही नीट लावायचंय. कुठून सुरुवात करू?

गच्चीवरचा_काका
ताई, रिगला हात लावू नका. आधी गोंगाट कुठून येतो ते शोधा.

संध्याकाळी रिग 12 व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, घराचा मेन स्विच पाडा आणि 7.100 मेगाहर्ट्झवर सुई बघा. खाली आली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवा, कुठल्या एमसीबीला सुई उसळते ते कळेल. त्या खोलीत साधा ट्रान्झिस्टर घेऊन फिरा, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून. एलईडी बल्ब, राउटरचा अडॉप्टर, लॅपटॉपचा चार्जर, प्रत्येकाजवळ धरा. आमच्याकडे सेट-टॉप बॉक्सचा अडॉप्टर निघाला. टीव्ही बंद असतानाही तो चालूच असतो, हे लक्षात ठेवा.

आता अँटेना. तुमची वायर वरच्या तीन घरांच्या खिडक्यांना चिकटून जाते, त्यांच्या वायरिंगचा सगळा कचरा ती उचलणार. त्यात एंड-फेडला कोएक्सची (रिग ते अँटेना केबलची) बाहेरची जाळीच उरलेल्या अर्ध्या अँटेनाचं काम करते, आणि ती जाळी तुमच्या खोलीत आहे. गोंगाटाखाली गाडला गेलेला सिग्नल कुठलीही महागडी रिग वर काढू शकत नाही.

गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही डायपोल टाका, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती तार. 143 भागिले 7.1 मेगाहर्ट्झ, म्हणजे तार साधारण 20 मीटर, प्रत्येक बाजू 10. कापताना अर्धा मीटर जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली त्याचं माप) बघत थोडं थोडं कमी करा. मध्यावर 1:1 बलून (जाळीवरचा नको तो करंट अडवणारा) हवाच, नाहीतर 31 मिक्सच्या मोठ्या टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) कोएक्सचे दहा-बारा वेढे. स्लॅबमध्ये सळ्या असतात, त्यामुळे मधला खांब जितका उंच जमेल तितका घ्या.

पार्ल्याची_वायएल
सोसायटीची परवानगी हा खरा डोंगर आहे. कमिटीला रेडिओची भीती नसते, गच्ची गळण्याची असते. मी अर्जासोबत लायसन्सची प्रत आणि हाताने काढलेला नकाशा दिला. त्यावर पहिली ओळ होती: ‘वॉटरप्रूफिंगला एकही भोक पाडणार नाही.’ पत्र्याच्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात पाइप उभा केला, ताण कठड्याच्या हुकांना. दोरी पॉलिस्टरची घ्या, स्वस्त सुतळी उन्हात कुजते. सेक्रेटरींना एकदा घरी बोलावून नेट ऐकवा. आमचे सेक्रेटरी तासभर बसले होते.

मुलुंडची_लहर
काका, मेन पाडला आणि सुई 8 वरून थेट 4 वर! स्वयंपाकघरातली नवीन एलईडी पट्टी निघाली. गच्चीचा अर्ज आज देते. जुना कोएक्स वापरू का? आणि टेबलाचं काय?

गच्चीवरचा_काका
वा! चार एस-युनिट (सुईचे चार आकडे) म्हणजे 24 डेसिबल. 100 वॉटचे 400 केलेत तरी समोरच्याकडे तुमचा सिग्नल एकाच एस-युनिटने वाढतो, यावरून हिशोब करा.

कोएक्सचं टोक वीतभर सोला. जाळी चकचकीत असेल तर ठेवा. काळी पडली असेल तर पाणी आत शिरलंय, अख्खी केबल टाकून द्या. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत पीएल-259 कनेक्टरवर हिरवा थर चढतो, म्हणून प्रत्येक बाहेरच्या जोडाला सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा आणि वर साधी टेप. 40 मीटर बँडला आरजी-58 (बारीक कोएक्स) चालेल, पण पुढे 2 मीटर बँड करणार असाल तर आत्ताच आरजी-213 (जाड कोएक्स) घ्या. 145 मेगाहर्ट्झला 25 मीटर आरजी-58 निम्म्याहून जास्त पॉवर खाते.

टेबलामागे तांब्याची पट्टी स्क्रूने बसवा आणि रिग, सप्लाय, ट्यूनर सगळं आखूड वायरींनी तिला जोडा. 13.8 व्होल्टच्या प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज, प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना चिठ्ठी. लग्ज, फ्यूज होल्डर, हीट-श्रिंक लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतील. मुलासाठी स्पीकर बंद, हेडफोन.

कोएक्स खिडकीतून आत आणताना बाहेर खाली एक लोंबता वळसा ठेवा, पाणी तिथूनच गळून जातं. आणि रोज काम संपलं की कोएक्स रिगपासून काढा. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा जास्त, तेव्हा तर नुसती रिग बंद करून भागत नाही. अर्जाला होकार आला की लिहा, अँटेना चढवायला मी येतो. 73 (शुभेच्छा).