आत्या केअर सेंटरमध्ये आहे : तिची अब्रू आणि सुरक्षितता कशी राखायची? (सोलापूर)

साखरपेठेची_भाची

नमस्कार. माझी आत्या ८१ वर्षांची. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर साखर पेठेतल्या घरात एकटीच राहायची. पाणी रोज येत नाही म्हणून न्हाणीत बादल्या भरून ठेवलेल्या, तिथंच पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अजून धरून उठवावं लागतं. मी पुण्यात, भाऊ बंगळूरला. तीन महिन्यांपासून ती शहराबाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये आहे.

जेवण बरं आहे, मावशी मायाळू आहेत. पण गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या बाईंच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर आत्या दिसली. कुणाच्या तरी वाढदिवसाचं फळवाटप होतं. आत्या गाऊनमध्ये, केस सुटलेले, हातात केळं दिलेलं आणि मागे चार अनोळखी माणसं हसत उभी. ही बाई आयुष्यभर इस्त्रीच्या साडीशिवाय वर्गात गेली नाही. मला रात्रभर झोप लागली नाही.

मग जाऊन नीट बघितलं. खोलीत चार पलंग, मध्ये पडदा नाही, डायपर सगळ्यांसमोर बदलतात. छताला कॅमेरा, त्याची स्क्रीन ऑफिसात, येणारा-जाणारा सहज बघू शकतो. आत्याचं आधार कार्ड आणि पेन्शनचं पासबुक ऑफिसच्या कपाटात.

बोलायचं तर आहे. पण मी बोलून संध्याकाळी पुण्याला परत जाणार आणि राग आत्यावर निघाला तर? कसं बोलावं, काय काय बघावं, कृपया सांगा.

निवृत्त_सिस्टर

ताई, तुमची भीती खरी आहे. सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलं म्हणून सांगते, नातेवाईक तावातावाने बोलून गेले की वॉर्डातलं वातावरण बिघडतं. म्हणून पहिल्या भेटीत तक्रार नको, मागणी करा. “पडद्याचा खर्च मी देते, चारही पलंगांना लावा,” असं म्हणा. फक्त आत्यापुरतं मागितलं तर ती वेगळी पडते. तार आणि पडदे येईपर्यंत दोरीवर चादर टाकली तरी काम भागतं, आपल्या सोलापुरात चादरींना काय तोटा?

अंघोळ आणि डायपरला बाईच हवी, हे लेखी द्या. हात लावण्याआधी “बाई, आता कूस बदलू या” असं सांगायची सवय मावशींना लावा. पडून असलेल्या माणसाला न सांगता उचललं की तो दचकतो, आणि हळूहळू बोलायचंच सोडून देतो.

आता सुरक्षिततेचं. दर भेटीत पांघरूण बाजूला करून स्वतः बघा. माकडहाड, खुबे, टाचा. कातडी लाल झालीय आणि दाबूनही लाली जात नाही, तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, त्याचा तक्ता पलंगाशी मागा. दंडावर बोटांचे वळ दिसले तर विचारा. म्हातारपणी कातडी पातळ होते, साध्या धरण्यानेही काळंनिळं पडतं, त्यामुळे लगेच आरोप नको. पण फोटो काढून तारीख लिहून ठेवा. तो फोटो तुमच्याजवळच राहू द्या, घरच्या ग्रुपवरही टाकू नका.

दुपारी कधीही जा, आत्या गाढ झोपलेलीच असेल तर औषधाच्या पट्ट्या मोजा आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागा. रात्री त्रास नको म्हणून झोपेची गोळी वाढवलेली मी पाहिली आहे. दर महिन्याला वजन करायला लावा. आणि एप्रिल-मे! चाळिशीच्या वर पारा जातो, म्हातारी माणसं लघवीला उठावं लागेल म्हणून पाणीच पीत नाहीत. अचानक असंबद्ध बोलायला लागली तर “वयामुळे” म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम कमी झालेलं असू शकतं. त्याच दिवशी तपासणी करा.

पूर्वभाग

भाषेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. आमची आजी पद्मशाली, जन्मभर घरात तेलुगू. आजारपणात मराठी विसरल्यासारखीच झाली. रात्रपाळीच्या मावशी कन्नड बोलणाऱ्या. आजी “नोप्पी, नोप्पी” म्हणत राहिली आणि त्यांना वाटलं, बडबडतेय. नोप्पी म्हणजे दुखतंय. दोन दिवसांनी कळलं की खांदा निखळलाय. नंतर आम्ही देवनागरीत दहा शब्द लिहून भिंतीला लावले. नीळ्ळू म्हणजे पाणी, असे. आधी सुचलं असतं तर तिचे दोन दिवस तरी वाचले असते. ज्याला सांगता येत नाही त्याला तक्रारही करता येत नाही.

पासबुकवाला

बँकेत काम करतो. कपाटातली मूळ कागदपत्रं आधी घरी आणा. सेंटरला आधारची प्रत हवी असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. आधार खात्याला जोडलेलं असेल तर बोटाच्या ठशावर पैसे काढता येतात, आणि पलंगावरच्या माणसाचं बोट मशीनवर टेकवायला कितीसा वेळ लागतो? आधारच्या अधिकृत ॲपवरून बायोमेट्रिक, म्हणजे बोटाचे ठसे वगैरे, लॉक करून टाका. फक्त नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी ते तात्पुरतं उघडावं लागेल. तो दाखला आता चेहरा दाखवून मोबाईलवरही होतो, तुम्ही भेटीला जाल तेव्हा स्वतःच करा. एटीएम कार्ड आणि पिन कुणालाही नको, कितीही विश्वासाची मावशी असली तरी. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

जुळे_सोलापूर

मी तर म्हणतो, उशाशी गुपचूप एक छोटा कॅमेरा ठेवा. सगळं कळेल.

निवृत्त_सिस्टर

दादा, तुमची काळजी समजते. पण त्या खोलीत आणखी तीन बायका आहेत. त्यांचेही कपडे तिथंच बदलतात. आपल्या माणसाची अब्रू राखताना त्यांची उघडी करायची का?

कोर्टाच्या_वाटेवर

सिस्टर बरोबर बोलल्या, आणि कायदाही तेच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई : संमतीशिवाय कुणाच्या खाजगी अवयवांचं चित्रण केलं किंवा पसरवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे गुपचूप कॅमेऱ्याला लागू होऊ शकतं, तसंच सेंटरच्या छतावरच्या कॅमेऱ्यालाही. व्हरांडा, दार, जिना इथं कॅमेरा असावाच. पलंगावर रोखलेला नको. तसा साधा अर्ज द्या, पोच घ्या. फोटोंबाबतही लिहून द्या की आत्याला विचारल्याशिवाय तिचा फोटो काढायचा नाही. ती शुद्धीवर आहे, हो-नाही सांगू शकते, म्हणून सही तिची घ्या, तुमची साक्षीदार म्हणून.

आणखी एक. घर आत्याच्या नावावर असेल तर सेंटरमध्ये तिच्याकडे कुणी कागद घेऊन सहीला येऊ नये, एवढं सेंटरला बजावून ठेवा. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करता येतं, प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज चालतो. पण अट कागदावर नसेल तर फार झगडावं लागतं. मारहाण किंवा उपासमार दिसली तर मात्र अर्जाची वाट बघू नका, पोलिसांना ११२ वर फोन करा. एरवी सल्ल्याला १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८.

साखरपेठेची_भाची

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी जाऊन आले.

अर्ज लिहून नेला होता, पण पिशवीतून काढण्याआधी आत्यालाच विचारलं. खरं तर ते मी आधीच करायला हवं होतं. तिला फोटोचं माहीत होतं. म्हणाली, “आले त्यांचा मान ठेवायचा म्हणून बसले गं. पण केस तरी विंचरू द्यायचे होते.” मग थोड्या वेळाने, हळू आवाजात : “पडद्याचं मात्र बघ.” पलीकडच्या पलंगावरच्या आजी लगेच म्हणाल्या, “माझ्याकडनं पण सांग की.”

अर्जावर आत्याने मोत्यासारखी सही केली, शाळेच्या निकालावर करायची तशीच. व्यवस्थापक आधी गप्प झाले. फोटो नाही म्हटलं तर देणगीदार नाराज होतील, म्हणाले. मी म्हटलं, अन्नाचा फोटो काढा, पंगतीचा काढा, ज्या आजी-आजोबांना हौस आहे त्यांचा त्यांना विचारून काढा. ते पटलं. कॅमेरा माझ्यासमोर दाराकडे वळवला. पडद्याची तार सोमवारी बसली, मावशींनी फोन करून सांगितलं. मूळ कागद माझ्याजवळ आहेत, ठसा लॉक केला. ऑफिसातली स्क्रीन अजून तशीच उघड्यावर आहे, त्यासाठी दुसरा अर्ज देतेय.

सिस्टर, उजव्या टाचेवर रुपयाएवढी लाली आहे. दाबलं तरी जात नाही.

निवृत्त_सिस्टर

आजच सेंटरला फोन करून डॉक्टरांना दाखवायला सांगा, पुढच्या भेटीची वाट बघू नका. पोटरीखाली मऊ उशी, टाच अधांतरी राहिली पाहिजे. चोळायचं अजिबात नाही. आणि मावशींना रोज रात्री टाच बघून तुम्हाला सांगायला लावा, फोटो नको, नुसतं सांगू द्या.