मदत हवी आहे: पोल्ट्रीच्या गेटवर माणसांसाठी फवारणी टनेल बसवावा का? (विटा, जि. सांगली)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात विट्याजवळ आमचा लेयरचा फार्म आहे. तीन शेड, पिंजरा पद्धत. घरची आम्ही माणसं आणि गावातल्या पाच-सहा बायका रोज अंडी गोळा करायला, खाद्य टाकायला असतात. प्रश्न जरा लांब आहे, पण यात पैसे आणि माणसं दोन्ही गुंतलीत, म्हणून सगळं लिहितो.

ओळखीतला एक जुना माल विकणारा माणूस माणसांनी आत चालत जायचा फवारणी टनेल देतोय. लॉकडाऊनमध्ये कुठल्याशा कारखान्याने गेटवर बसवलेला, नंतर गोडाऊनमध्ये पडून होता. स्टीलची चौकट, दोन्ही बाजूंना आणि वर नोझल, मागे टाकी आणि पंप. माणूस आत आला की सेन्सरवर फवारा सुरू होतो, काही सेकंदांनी आपोआप बंद. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. त्याचं म्हणणं, शेडमध्ये मारायचं औषधच यात भरा, माणूस कपड्यांसकट निर्जंतुक होऊन आत जाईल, रोग गेटवरच थांबेल.

रोग गेटवर थांबायला हवा हे मला पटतं. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावात एका फार्मवर मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) शिरली. लस दिलेली होती, तरी अंडी धडाधड उतरली, कवचं पातळ आणि पांढरी पडायला लागली. बर्ड फ्लूची धास्ती तर कायमचीच. २००६ साली नवापूरला आला तेव्हा इकडे सांगली जिल्ह्यात रोग नसताना अंडं कुणी हातात धरत नव्हतं. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याचं नाव बातम्यांत आलं तेव्हा वडील रात्री उठून शेडभोवती फेऱ्या मारायचे. त्यामुळे खर्चाला मी मागे सरत नाही.

पण गोडाऊनला जाऊन नुसतं पाणी भरून टनेल चालवून बघितला आणि मनात शंका आली. बाहेर पडल्यावर खांदे ओले होते, छाती दमट होती. काखेत, कोपराच्या घडीत आणि पँटच्या मागच्या बाजूला कापड कोरडं. चप्पल उलटी करून बघितली तर तळाच्या खाचांमधली माती होती तशीच, फक्त वरून भिजलेली. रोग आणणारा भाग तर तोच ना?

दुसरी गोष्ट, आमच्याकडच्या एका मावशींना दमा आहे. बायका दिवसातून चार-पाच वेळा आतबाहेर करतात. दर खेपेला अंगावर औषधाचा फवारा घेऊन त्यांचं काय होईल?

तर विचारायचं हे, की असा टनेल कुणी पोल्ट्रीवर वापरलाय का? भरायचं झालं तर कुठलं औषध चालेल? आणि हे नको असेल तर माणसं आणि कपडे यांच्यासाठी नेमकं काय करावं?

——————

प्रतिसाद – पलूसचा ब्रॉयलरवाला

दादा, आमच्याकडे गाडीसाठी फवाऱ्याची कमान आहे, माणसंही तिच्यातूनच येतात. औषध अगदी पातळ ठेवतो. अजून तरी कुणाची तक्रार नाही. स्वस्तात मिळत असेल तर घेऊन टाका, काही नसण्यापेक्षा बरं.

——————

प्रतिसाद – पशुवैद्य, मिरज

पलूसच्या मित्रांची माफी मागून सांगतो, काही नसण्यापेक्षा हे बरं नाही. टनेल फुकट दिला तरी घेऊ नका.

हे टनेल आले कुठून ते आठवा. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला तमिळनाडूत तिरुप्पूरच्या बाजारात पहिला उभा राहिला आणि मग सगळीकडे लाट आली. आपल्या नगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनेही त्याच वेळी पायाने चालू करायची एक कक्ष-रचना बनवली होती. २५ सेकंदांचा हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) फवारा, ७०० लिटरची टाकी, एका भरणीत साधारण ६५० माणसं. म्हणजे माणशी लिटरभर. हेतू चांगलाच होता. पण १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच सूचना काढली की माणसांवर जंतुनाशक फवारणं कोणत्याही परिस्थितीत शिफारस करण्याजोगं नाही. डोळे आणि कातडीची आग, मळमळ, उलटी, श्वासनलिका आवळणं हे त्रास त्यात स्पष्ट लिहिलेत. बाहेरचे कपडे किंवा शरीर यामुळे निर्जंतुक होतं याला शास्त्रीय पुरावा नाही, हेही लिहिलंय. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने तेच सांगितलं. पुढे ५ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला याबाबत महिन्याभरात निर्देश काढायला लावले. हे सगळं कोविडसाठी होतं, पण तुमच्या मावशींची फुफ्फुसं पोल्ट्रीच्या गेटवर वेगळी होत नाहीत.

आता रोगाच्या बाजूने बघू. तुम्ही चप्पल उलटी करून बघितलीत, तिथंच निम्मं उत्तर आहे. जंतुनाशकाला काम करायला दोन गोष्टी लागतात: जागा स्वच्छ असणं आणि ती पुरेसा वेळ ओली राहणं. डब्यावर हा वेळ मिनिटांत लिहिलेला असतो. माणूस काही सेकंदांत बाहेर पडतो. आणि विष्ठा, माती, पिसं यांचा थर असला की औषध, त्यातही क्लोरीन, त्या घाणीतच खर्ची पडतं. विषाणू खाली सुखरूप.

मानमोडी आणि बर्ड फ्लू या दोन्ही विषाणूंना बाहेरून चरबीचं आवरण असतं. साधा साबण ते फोडतो. म्हणून हात साबणाने धुणं, बूट ब्रश मारून धुणं आणि कपडे डिटर्जंटने धुऊन उन्हात वाळवणं हे त्या दोघांवर चांगलं चालतं. पिल्लांना होणाऱ्या गंबोरो रोगाच्या विषाणूला असं आवरण नाही. तो चिवट आहे, शेडमध्ये महिनोन्महिने टिकतो. तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) तुम्ही स्वतः वाढवत असाल, तर पिल्लांच्या शेडला माणूसच वेगळा ठेवा. एकच माणूस असेल तर त्याने आधी पिल्लांचं काम करावं आणि मग मोठ्या पक्ष्यांकडे जावं, उलट कधीच नाही.

गेटवरच्या पाय बुडवायच्या टाकीबद्दलही तेच. बऱ्याच फार्मवर त्यात आठवड्याचं काळं पाणी असतं आणि सगळे श्रद्धेने पाय बुडवून आत जातात. आधी एक साध्या पाण्याची टाकी आणि दांड्याचा ब्रश, त्यात तळ घासायचा, मग औषधाची टाकी. औषध रोज बदला, गढूळ झालं तर दिवसात दोनदा. वर पत्रा टाका, कारण ऊन आणि पाऊस दोन्ही औषधाची ताकद घालवतात.

——————

प्रतिसाद – कुपवाड एमआयडीसी

मी रसायनांच्या कारखान्यात काम करतो, कोंबड्यांतलं कळत नाही. पण "शेडचं औषधच भरा" हे वाचून राहवलं नाही.

दादा, त्या डब्यावरचं लेबल बघा. बऱ्याच शेडच्या औषधांत ग्लुटराल्डिहाइड असतं. रिकामी शेड फवारताना मास्क आणि हातमोजे घाला असं त्यावर लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. ते वारंवार श्वासात गेलं तर चांगल्या माणसाला दमा जडू शकतो, आणि शरीराने एकदा ते धरलं की पुढे थोड्याशा वासानेही धाप लागते. ज्यांना आधीच दमा आहे त्यांना त्या फवाऱ्यात उभं करू नका, हात जोडून सांगतो.

हायपो म्हणाल तर ते कॅनमध्ये पडल्यापडल्याच उतरत जातं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. टाकीत किती ताकद उरली हे डोळ्यांनी कळत नाही. ५ टक्क्यांचं ताजं हायपो असेल तर एक भाग औषधाला नऊ भाग पाणी घातलं की ०.५ टक्के होतं. हे धुतलेल्या बुटांसाठी, फरशीसाठी, गाडीच्या चाकांसाठी. रोजच्या रोज करायचं. आणि हायपोमध्ये फरशीचं अॅसिड किंवा दुसरं कुठलंही औषध मिसळायचं नाही. अॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जीवावर बेततं.

हायपोने स्टीललाही खड्डे पडतात. इतकी वर्षं पडून असलेल्या त्या चौकटीचे जोड आणि नोझल आतून कसे आहेत, देव जाणे.

उद्या कुणी निळ्या दिव्याचा यूव्ही टनेल घेऊन येईल. तोही नको. २५४ नॅनोमीटरचा तो प्रकाश कातडी भाजतो, आणि डोळ्यांना वेल्डिंग बघितल्यासारखी रात्रभर आग होते. शिवाय जिथे सावली पडते तिथे तो पोचतच नाही, कपड्यांच्या घड्यांत तर नाहीच. मोबाइल, चष्मा, किल्ल्या आत न्यायच्या असतील तर झाकणाची यूव्ही पेटी ठेवा, झाकण उघडताच दिवा बंद होणारी. माणसावर नाही.

——————

प्रतिसाद – कराडची लेयरवाली

भाऊ, आम्ही फार्मवर काय केलंय ते सांगते, बघा जमतंय का.

गेटजवळ पत्र्याची एक खोली काढली आणि मधोमध आडवा, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा विटांचा कट्टा बांधला. कट्ट्याच्या अलीकडे बाहेरचं जग, पलीकडे फार्म. माणूस कट्ट्यावर बसतो, बाहेरची चप्पल अलीकडे काढतो, पाय न टेकवता पलीकडे फिरवतो आणि तिथली फार्मची चप्पल घालतो. फार्मच्या चपला सगळ्या लाल, बाहेरच्या कुठल्याही रंगाच्या. आत कुठेही लाल सोडून दुसरी चप्पल दिसली की लांबूनच कळतं. पलीकडे लगेच नळ आणि साबण. आमच्या सगळ्या खर्चात या कट्ट्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

कपड्यांचं अवघड असतं, ते बायकांना विचारूनच करा. साडीवर अॅप्रन घातला तर खालचा घोळ तसाच उघडा राहतो आणि तोच जमिनीला लागतो. आम्ही सुती सलवार-कुडते शिवून घेतले, प्रत्येकीचे दोन जोड. आधी कुणी तयार नव्हतं. मग कळलं की अडचण कपड्यांची नव्हती, बदलायच्या खोलीला आतून कडी नव्हती. कडी लावली, हंडाभर गरम पाण्याची सोय केली, आणि तो वेळ कामाच्या तासात धरला. आता येताना आणि जाताना दोन्ही वेळा कपडे बदलतात. कपडे फार्मवरच धुतले जातात, घरी कुणी नेत नाही.

आणि एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. कामावरच्या बायकांच्या घरी गावरान कोंबड्या असतात. तुमच्या गेटवर कितीही मोठं मशीन असू दे, सकाळी परसातल्या कोंबड्यांना दाणे टाकून तेच हात आत येतात. पण कोंबड्या ठेवू नका म्हणून नुसतं दटावलं तर त्या लपवून ठेवतील, आणि त्यांचं चुकीचं नाही, तो त्यांच्या हातातला पैसा आहे. आम्ही त्या कोंबड्या रीतसर भावाने विकत घेतल्या आणि त्याबदल्यात दर आठवड्याला घरी अंडी देतो. जत्रेच्या दिवसांत घरोघरी कोंबडं कापतात, तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, कपडे बदलूनच शेडमध्ये. घरी कोंबडी आजारी किंवा मेलेली असेल तर सांगायचं, आणि सुट्टीचा पगार कापायचा नाही. पगार कापलात तर कुणीच सांगणार नाही.

अंड्याच्या टेम्पोवाल्याला आत घेऊ नका. गेटबाहेरच ट्रे भरून द्या. पुठ्ठ्याचे ट्रे परत घेऊ नका, प्लास्टिकचे घासून, धुऊन, औषधात बुडवून मगच आत.

——————

मूळ धागाकर्ता

डॉक्टरसाहेब, ताई, कुपवाडचे दादा, मनापासून आभार. टनेल घेत नाही, आज त्याला फोन करून सांगितलं. ताई, कोंबड्यांचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी आईने बायकांशी बोलून बघितलं, पाचापैकी तिघींकडे आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. टेम्पो बाहेर ठेवता येईल, पण खाद्याची गाडी आत घ्यावीच लागते. तिचं काय? आणि आमच्याकडे टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं तरी उन्हाळ्यात ओढ असते. रोज टाक्या बदलायच्या, कपडे धुवायचे, ते पाणी सोडायचं कुठं? बोअर जवळच आहे.

——————

प्रतिसाद – पशुवैद्य, मिरज

खाद्याच्या गाडीसाठी द्राक्षबागेचा एचटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणी पंप) पुरतो. तुमच्याकडे नसेल तर शेजाऱ्याकडे असेलच. आधी साध्या पाण्याच्या दाबाने चाकं, चाकांच्या वरचे पत्रे आणि पायऱ्या धुवा, मग औषध मारा आणि दहा मिनिटं गाडी तिथंच थांबवा. फवारणाऱ्याला मास्क, चष्मा, हातमोजे. ड्रायव्हरला खाली उतरू देऊ नका, उतरलाच तर त्याला फार्मची चप्पल.

पाण्यासाठी, पाय धुवायची टाकी मोठी नको, एक पाऊल बसेल एवढीच पुरे, दहा लिटरच्या आत काम होतं. सांडपाण्याला शोषखड्डा करा, पण बोअरपासून जितका लांब नेता येईल तितका, आणि उताराच्या खालच्या बाजूला. औषधाचं पाणी ओढ्यात सोडू नका. कपडे धुतलेलं शेवटचं खळबळीचं पाणी बूट घासायच्या पहिल्या टाकीला वापरता येईल.

आराखडा काढलात की एकदा शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या कुक्कुटपालन विभागाला दाखवा. आणि मर अचानक वाढली तर पक्षी फाडून बघत बसू नका, विकूही नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने रोगाची खबर देणं बंधनकारकही आहे.

——————

प्रतिसाद – कराडची लेयरवाली

भाऊ, कट्टा बांधाल तेव्हा वरून फरशी बसवून घ्या. नुसतं प्लास्टर रोजच्या धुण्याने उकलतं आणि भेगांत घाण बसते.