मदत हवी आहे: वार (प्लॅसेंटा) जुन्या टाक्यांवर चिकटली आहे, बाळंतपण काटोलला की नागपुरात?

धाकटी नणंद बाळंतपणासाठी आमच्याकडे नागपुरात मानेवाड्याला आली आहे. दुसरी खेप, 30वा आठवडा. पहिलं सिझर, 2021 चं.

मंगळवारी पहाटे तिला रक्त गेलं. कळ नाही, दुखणं नाही, म्हणून बाईनं चादर बादलीत भिजवली आणि आम्ही उठेपर्यंत गप्प बसली! धंतोलीत डॉपलर सोनोग्राफी केली. वार गर्भपिशवीच्या तोंडावर आहे आणि जुन्या टाक्यांच्या जागी भिंतीत रुतल्यासारखी दिसते. रिपोर्टमध्ये 'अ‍ॅक्रिटाची शंका' लिहिलंय, म्हणजे वार अशी रुतून बसल्याची.

डॉक्टर म्हणाले, एरवी बाळ झालं की वार आपली आपण सुटते. ही सुटत नाही, आणि ओढायला गेलं तर रक्त आवरत नाही. त्यामुळे कळांची वाट न बघता 34 ते 36 आठवड्यांत ठरवून सिझर, त्याआधी बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं. वार खोल गेली असेल तर तिला हात न लावता गर्भपिशवीच काढायची. लघवीच्या पिशवीपर्यंत पोचली असेल तर युरॉलॉजिस्टही हवा. हे सगळं ऐकून नणंदेनं एवढंच विचारलं, "पिशवी काढली तरी दूध येईल ना?" येईल म्हणाले.

आता तिच्या सासूबाईंचं म्हणणं, वार पुढे वर सरकते, त्यांचीही सरकली होती, काटोललाच आणा. खाली असलेली वार बऱ्याच जणींची सरकते हे खरं, पण टाक्यांत रुतलेलीवर भरवसा ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. रात्री रक्त सुरू झालं तर काटोलहून इथं येईस्तोवर काय होईल, या विचारानं मला झोप नाही. त्यांना फोनवर हे कसं सांगू तेही कळत नाही.

त्यात तिचा रक्तगट बी निगेटिव्ह, सहज न मिळणारा. मे महिना, कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं कमी.

कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा. मेडिकलला (सरकारी कॉलेजच्या दवाखान्यात) केलं की खासगीत? रक्ताच्या किती पिशव्या लागल्या, दाते आधीच लिहून ठेवले होते का? गर्भपिशवी वाचली का कुणाची? बाळाला किती दिवस पेटीत ठेवलं? खर्चाचाही अंदाज द्या, लपवू नका.

एमआरआय शनिवारी आहे. डॉक्टरांना तेव्हा आणखी काय विचारायचं, तेही सुचवा.