डॉकर इमेज परीक्षकाकडे अडते, काय तपासावं?

प्रश्न: टाकास या सॉफ्टवेअर-पडताळणीच्या परिषदेला पेपरसोबत आर्टिफॅक्ट (परीक्षकाला प्रयोग पुन्हा करता येतील असा कोड आणि डेटा) द्यायचं आहे. व्हेरिफायर (प्रोग्राम बरोबर आहे का तपासणारं आमचं टूल) डॉकरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट एका इमेजमध्ये बसवलाय, इथे नीट चालतो. परीक्षकाकडे अडू नये म्हणून काय बघावं?

उत्तर: आधी नेट तोडून चालवा, म्हणजे डॉकर रनला नेटवर्क 'नन' द्या. स्क्रिप्ट मधेच पिपने (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) नेटवरून काही ओढत असेल तर तिथेच उघडं पडतं. झेड-थ्री या तर्कसूत्रं सोडवणाऱ्या सॉल्व्हरची आवृत्तीही नेमकी बांधून टाका. आवृत्ती बदलली की आतले ह्युरिस्टिक (उत्तर शोधायचे ठोकताळे) बदलतात, मग सेकंदात सुटणारं सूत्र टाइमआउटला जातं. लेखक इथेच फसतात.

उत्तर: इमेज एम-१ मॅकवर बांधलीय का? मग ती एआरएम प्रोसेसरची होते आणि इंटेलवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते. बिल्ड करतानाच प्लॅटफॉर्म लिनक्स, एएमडी६४ (६४-बिट इंटेल/एएमडी प्रोसेसर) द्या. बेंचएक्झेक (वेळ आणि मेमरी मोजणारं टूल) असेल तर कंटेनरला, म्हणजे चालू इमेजला, सीग्रुपची (लिनक्समधली संसाधनं मोजण्या-मर्यादेची सोय) परवानगी लागते, हे रीडमीत ठळक लिहा.

उत्तर: रीडमीच्या सुरुवातीलाच ५ मिनिटांत संपणारी चाचणी हवी, अपेक्षित आउटपुटसकट. पूर्ण प्रयोगांना २० तास लागत असतील तर तासाभराचा उपसंच वेगळा द्या, आणि कोणती स्क्रिप्ट पेपरातला कोणता तक्ता काढते तेही सांगा. फाइल झेनोडो या संशोधन-साठ्यावर ठेवून डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) घ्या. गिटहबची रेपो उद्या पुसली जाऊ शकते.