खान्देशातल्या नाल्याला इंग्लिसचं सूत्र किती दिवस लावायचं?

पांझरेकाठची

पारोळ्याकडच्या एका नाल्यावरचा जुना फरशी पूल काढून नवा करायचा आहे. पुराचा हिशेब माझ्याकडे आला. पाणलोट १८ चौ. किमी. आमच्याकडे सगळे लावतात तेच इंग्लिसचं, क्षेत्रफळावरून पूर सांगणारं सूत्र मीही लावलं: क्षेत्रफळाला १२४ ने गुणायचं आणि क्षेत्रफळात १०.४ मिळवून त्याच्या वर्गमुळाने भागायचं. आले ४१९ क्युमेक, म्हणजे सेकंदाला ४१९ घनमीटर पाणी. पडताळा म्हणून १८६५ सालचं डिकन्सचं सूत्र घेतलं, गुणांक १४ धरून. आले १२२. नाला तोच, पाऊस तोच, कागद तोच. एका उत्तरात तीन गाळे लागतात, दुसऱ्यात एकावर भागतं.

मग लेव्हल मशीन घेऊन नाल्यावरच गेले. बाभळीच्या फांद्यांत ज्वारीची धाटं अडकलेली होती. पलीकडच्या वस्तीवरच्या आजोबांनी मारुतीच्या ओट्याची दुसरी पायरी दाखवली, "इथपर्यंत होतं पाणी." दोन्ही खुणांच्या लेव्हलमध्ये फरक जेमतेम वीतभर. नाल्याचा काटछेद (आडवा छेद) घेतला. पाण्याचं क्षेत्र ८४ चौ. मी., ओली परिमिती ४६ मी., तळाचा उतार २५० ला १, खडबडीतपणा ०.०४. मॅनिंगच्या सूत्राने, म्हणजे काटछेद, उतार आणि खडबडीतपणावरून विसर्ग काढायच्या रीतीने, १९८ क्युमेक निघाले.

इंग्लिस साहेबांनी ते सूत्र १९३० च्या सुमारास सह्याद्रीतल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांवरून बसवलं. आपल्याकडे पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि हा पाणलोट चिंचेच्या शेंगेसारखा लांबट. घाटातल्या माणसाच्या मापाचा सदरा आपल्या नाल्यांना किती दिवस घालायचा?

माझं म्हणणं असं की बोरी, पांझरा, गिरणेच्या खोऱ्यातले तीसेक नाले घ्यावेत, प्रत्येकाच्या पूरखुणा मोजाव्यात आणि क्षेत्रफळ, उतार, लांबी, काळ्या जमिनीचा वाटा घालून खान्देशाचं स्वतःचं सूत्र काढावं. संगणकावर हे आता दुपारभराचं काम आहे. अकरा नाले मी मोजलेसुद्धा. कोणाला पटतं?

निवृत्त_डेप्युटी

ताई, खुणा मोजायला नाल्यात उतरलात, हेच आधी कौतुकाचं. आमच्या वेळचे निम्मे शाखा अभियंते जीपमधून उतरत नसत. पण तुमचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही, आणि कारणं बरीच आहेत.

तुम्ही १९८ "मोजले" असं समजताय. मोजली ती पाण्याची उंची, १९८ हे मॅनिंगचं उत्तर. तो ०.०४ तुम्ही डोळ्यांनी ठरवलात ना? ०.०३५ धरा, २२७ येतील. बाभळी-बेशरमाची दाटी पाहून ०.०५ धरा, १५९ येतील. म्हणजे ज्या आकड्यांवर नवं सूत्र बसवणार, ते आकडेच एका जुन्या सूत्राच्या पोटातून आलेले, त्यातही अंदाज कालवलेला.

खूण फरशीच्या किती वर घेतलीत? फरशी पूल तुंबला की वरच्या अंगाला फुगवटा येतो. त्या फुगवट्याची पातळी नाल्याच्या उतारात घातली की गणित बिघडलंच.

आणि हा पूर कितव्या वर्षाचा? पाच वर्षांतून एकदा येणारा की पन्नास? आजोबांच्या आठवणीत सगळ्यात मोठा पूर तोच असतो जो त्यांच्या बैलजोडीपर्यंत आला.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ही जुनी सूत्रं सरासरीची नव्हेत, त्या भागात दिसलेले मोठमोठे पूर पोटात घेण्यासाठी आखलेली आहेत. तुमचा संगणक काढेल ती रेघ ठिपक्यांच्या मधोमध जाईल, निम्मे पूर तिच्या वर. माझा पूल मला त्या निम्म्यांत नको आहे. ४१९ जास्त आहेत हे मलाही कळतं. पण इंग्लिसवर बांधलेला एकही पूल माझ्या नोकरीत वाहून गेला नाही.

दशांशवाला

एक सुधारणा, राग नसावा. इंग्लिसचं मूळ सूत्र चौरस मैल आणि क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आहे: ७००० गुणिले क्षेत्रफळ, भागिले (क्षेत्रफळ अधिक ४) चं वर्गमूळ. मेट्रिकमध्ये नीट बदललं तर १२३.१७ येतं. काही पुस्तकांत १२३ छापलंय, काहींत १२४. तुमचे ४१९ म्हणजे खरे ४१५-४१६.

पांझरेकाठची

@दशांशवाला, ३०० क्युमेकच्या वादात ३ क्युमेक शोधणारा माणूस फक्त जळगावातच सापडू शकतो.

दशांशवाला

भुसावळ.

सायफन_दातर्ती

"जुनं ते सुरक्षित" हा सूर मला कधीच कळला नाही. सूत्रं सुधारतात आणि सुधारलीच पाहिजेत. काँक्रीटच्या लवचिकता गुणांकाचं उदाहरण घ्या. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत ५७०० गुणिले ताकदीचं वर्गमूळ होतं, २००० च्या आवृत्तीत ५७०० चे ५००० झाले. वर तिथेच लिहून दिलं की प्रत्यक्षातली किंमत यापेक्षा २० टक्के कमीजास्त निघू शकते. सूत्र असं हवं, स्वतःची चूक किती हे स्वतःच सांगणारं. इंग्लिसच्या सूत्रापुढे असं काही लिहिलेलं कोणी पाहिलंय का? आकडा येतो, एस्टिमेटला चिकटतो, सँक्शन होतो.

दुसरं, आपल्याच मातीचं. पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते काढायची अमेरिकेतली वक्रांक (कर्व्ह नंबर) पद्धत तुम्ही सगळ्यांनी कॉलेजात केली असेल. पाऊस पडल्यावर पाणी वाहायला लागण्याआधी जमीन जे पिऊन टाकते, ते तिथे एकूण साठवणक्षमतेच्या ०.२ पट धरतात. आपल्याकडच्या काळ्या जमिनीला मात्र भारतात तो आकडा बदलला. जमीन कोरडी असेल तर ०.३, ओली असेल तर ०.१. का, ते मे महिन्यात कपाशीच्या रानात जाऊन बघा. भेगेत अख्खा हात कोपरापर्यंत जातो. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगाच गिळतात. श्रावणात भेगा मिटलेल्या असतात आणि तेच रान डांबरी रस्त्यासारखं पाणी सोडतं. वक्रांक ८० धरून १०० मिमी पाऊस घातला तर ०.३ ने ४५ मिमी वाहून जातं, ०.१ ने ५६. एक गुणांक बदलून कोणीतरी आपल्या मातीची गोष्ट सूत्रात आणली. ताई तेच करू म्हणताहेत.

(ता. क. माझं सदस्यनाव विचारणाऱ्यांसाठी: विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला खान्देशात होते. साक्री तालुक्यात दातर्तीला पांझरेखालून नळाचा सायफन त्यांनी केला. आमचं गाव तिथून जवळ.)

कॉन्ट्रॅक्टर_बोलतोय

४१९ च राहू द्या. मोठा पूल, मोठं बिल. विषय संपला.

मॉडेलवाला_पुणेकर (मूळचा चोपड्याचा)

रोज हेच काम करतो म्हणून लिहितो. बाजू ताईंची, पण सावध करतोय.

तीस नाले आणि चार-पाच घटक म्हणजे एका घटकामागे सहा-सात ठिपके. एवढ्यात कुठलीही रेघ सुंदर बसते. ०.९५ ची जुळणी पाहून पेढे वाटू नका. एकेक नाला बाहेर ठेवा, बाकीच्यांवर सूत्र बसवा, ठेवलेल्याचा अंदाज करा. जुळणी धाडकन खाली येईल. तो खाली आलेला आकडा खरा.

क्षेत्रफळ आणि विसर्ग दोघांचे लॉग घेऊन बसवणार असाल तर परत उलटताना विसर्ग कमी येतो. लॉगमधली सरासरी उलटली की सरासरी मिळत नाही, मधला आकडा मिळतो. त्याची दुरुस्ती करण्याची रीत १९८३ पासून पुस्तकांत आहे आणि निम्मे प्रबंध ती विसरतात. पुलाच्या बाबतीत ही चूक कायम धोक्याच्याच बाजूला पडते.

आणि ते झाडांचं जंगल असलेलं मॉडेल, रँडम फॉरेस्ट, इथे वापरूच नका. त्याला दाखवलेल्या सगळ्यात मोठ्या पुरापेक्षा मोठा पूर ते सांगूच शकत नाही. आपल्याला तर नेमका न पाहिलेलाच पूर हवाय.

निवृत्त साहेबांना एकच प्रश्न. पाणी गोळा व्हायला लागणारा वेळ तुम्ही किरपिचच्या सूत्राने काढत होता ना? ते १९४० सालचं, अमेरिकेतल्या टेनेसीतल्या शेतांवरचं. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा ११२ एकरांचा. ताईंचा पाणलोट साडेचार हजार एकरांच्या घरात. चाळीस पट ताणलेलं सूत्र चालतं आणि इथल्याच नाल्यांवरून काढलेलं चालत नाही, हे कसं?

बोरीकाठना_भाऊ

तुमनं सूत्र राहू द्या भो. आमना गावना नालाले पूर येस, मोरी लई जास, परत तेवढीच मोरी बांधतस. इंग्लिस नही, नि डिकन्स नही. मांगली मोरी जेवढी, तेवढी नवी मोरी. हाई सूत्र कोनं शे?

पांझरेकाठची

@बोरीकाठना_भाऊ, हे सूत्र सगळ्यात जास्त वापरात आहे भाऊ, आणि त्याला नावच नाही.

तितूरचा_पाणी

चाळीसगावचा आहे. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्या गावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. सकाळी दुकानाचं शटर उघडलं तेव्हा आत गुडघाभर गाळ आणि एक मेलेली शेळी होती. शेळी माझी नव्हती.

तुम्ही सगळे पाण्यावर बोलताय. त्या दिवशी पुलाच्या गाळ्यात मुळांसकट झाडं, मक्याची ताटं, कोणाचा तरी पत्रा, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, असं सगळं अडकलं होतं. तीन गाळ्यांचा एक झाला. एका गाळ्यातून तिघांचं पाणी कुठल्या सूत्राने जाईल? इंग्लिस घ्या नाहीतर पुण्याचं मॉडेल घ्या, ठिबकच्या नळीचा गुणांक कोणाकडेच नाही. माझं मत साहेबांच्या बाजूने. आकडा मोठाच ठेवा, त्यातला निम्मा कचऱ्यासाठी समजा.

निवृत्त_डेप्युटी

@मॉडेलवाला_पुणेकर, किरपिचचा मुद्दा मान्य. आम्ही वापरलं, आणि ११२ एकरांची गोष्ट मला आज कळली. नोकरीत कोणी सांगितली नव्हती, मीही विचारली नव्हती.

पण मग ताईंनी एक काम आधी करायला हवं होतं. केंद्रीय जल आयोगाचा पूर अंदाज अहवाल आहे, लोअर नर्मदा आणि तापी, उपविभाग ३(ब). रेल्वेच्या पुलांवर वर्षानुवर्षं पूर मोजून बसवलेला. लांबी, उतार, २५, ५० आणि १०० वर्षांचा पाऊस, सगळं त्यात आहे. खान्देशाचं सूत्र काढा म्हणताय, ते काढून ठेवलंय! कपाटातून कोणी काढत नाही एवढंच. इंग्लिस एका ओळीचा आहे म्हणून सगळ्यांना आवडतो.

पांझरेकाठची

साहेब, तो अहवाल मी उघडला होता. तो २५ चौ. किमीच्या वरच्या पाणलोटांसाठी आहे, माझा १८. आणि मोऱ्या वाहून जातात त्या सगळ्या २५ च्या खालच्याच. रेल्वेने मोठ्या पुलांवर मोजलं, बैलगाडीच्या वाटेवरच्या मोरीवर कोणी मोजलं नाही. माझी सगळी कटकट त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

फुगवट्याचं तुमचं बरोबर निघालं. काल वही काढून पाहिली. माझ्या अकरांपैकी तीन नाल्यांवर खुणा पुलाच्या ३० मीटरच्या आत घेतल्या आहेत. त्या तीन बाद. पारोळ्याचा काटछेद १५० मीटर वर आहे, तो ठेवते.

मधोमध जाणाऱ्या रेघेचंही पटलं. रेघ वर सरकवून ठिपक्यांच्या डोक्यावरून नेता येते, पण ती किती वर न्यायची हे तरी आपल्या ठिपक्यांवरून ठरू द्या. तुम्ही म्हणता इंग्लिसवर बांधलेला पूल वाहून गेला नाही. बरोबर. पण त्याच पैशात दोन पूल झाले असते आणि दुसऱ्या गावची पोरं पावसाळ्यात शाळेत गेली असती, हा हिशेब कोणत्या वहीत आहे?

आणि एक गंमत. डिकन्सचा गुणांक मध्य भारतासाठी १४ ते २८ दिलेला असतो. मी २२.७ धरला की बरोबर १९८ येतात. म्हणजे उद्या साहेबांनी १२२ ते २४५ मधला कुठलाही आकडा सांगितला तरी तो डिकन्समधून काढून देता येईल. याला सूत्र म्हणायचं की शिक्का?

सायफन_दातर्ती

शिक्का 😀

निवृत्त_डेप्युटी

पोरांच्या शाळेचा हिशेब माझ्याकडे नाही, ते कबूल.

सूत्राला माझा विरोध कायम आहे. दहा-बारा वर्षं मोजल्याशिवाय त्याला सूत्र म्हणू नका, आणि त्यावर पूल तर बांधूच नका. पारोळ्याचा पूल ४१५ वरच करा.

मात्र मोजायचं असेल तर आणखी एक गोष्ट आहे. १९८० ते ९० च्या दशकात मी बोरीच्या वरच्या अंगाला होतो. पूर ओसरला की मोऱ्यांच्या भिंतींवर तांबड्या ऑइलपेंटने रेघ आणि तारीख टाकायची सवय होती. वरिष्ठ हसायचे. सतरा मोऱ्यांच्या लेव्हल वहीत आहेत, डेटमसकट (ज्या पातळीपासून उंची मोजली तीसकट). त्यातल्या किती मोऱ्या उभ्या आहेत ठाऊक नाही. वहीच्या कडा वाळवीने खाल्ल्यात, आकडे शाबूत आहेत.

पांझरेकाठची

साहेब, रविवारी येऊ?

निवृत्त_डेप्युटी

सकाळी या, ऊन व्हायच्या आत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. येताना लेव्हलची मोजपट्टी (स्टाफ) आणि एक लिटर तांबडा ऑइलपेंट आणा. १५ जूनच्या आत रेघा मारून झाल्या पाहिजेत.

दशांशवाला

ऑइलपेंट ९०० मिली घ्या, दोन मोऱ्या माझ्याकडे आहेत, मीच रंगवतो.